गाढ झोपेत जाणीव नाहीशी होते, की फक्त तिची आठवण उरत नाही?

शरयूतीर (धागाकर्ती)

'रात्री इतकी गाढ झोप लागली की कशाचीच शुद्ध नव्हती' असे आपण सकाळी सहज बोलून जातो. या एका वाक्यात दोन दावे आहेत आणि ते एकमेकांच्या पायात येतात. कशाचीच शुद्ध नव्हती, तर झोप सुखाची होती हे कळले कोणाला? आणि ते कळले असेल, तर शुद्ध अजिबात नव्हती असे कसे म्हणायचे? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे आणि अलीकडे निद्रेचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांतही तोच प्रश्न ऐरणीवर आला आहे. दोन्हीकडचे थोडेफार वाचून जे समजले ते येथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात इंद्र प्रजापतीकडे आत्मविद्या शिकायला जातो. स्वप्नही न पाहणारा, पूर्ण शांत झोपलेला पुरुष हाच आत्मा, असे प्रजापती सांगतो. ते ऐकून इंद्र परत निघतो खरा, पण अर्ध्या वाटेतूनच माघारी वळतो आणि म्हणतो की अशा झोपेत माणसाला 'हा मी आहे' एवढेही कळत नाही, तो जणू नष्टच होतो, मग यात मिळवण्यासारखे काय आहे? मला इंद्राची ही शंका फार प्रामाणिक वाटते. पतंजलींच्या योगसूत्रात (१.१०) मात्र झोप म्हणजे चित्ताची निव्वळ अनुपस्थिती नसून तीही एक वृत्तीच, म्हणजे चित्ताचा एक व्यापारच आहे, असे म्हटले आहे. त्यावरच्या व्यासभाष्यातले कारण वाचण्यासारखे आहे. जागे झाल्यावर कोणी म्हणतो की मी सुखाने झोपलो, माझे मन प्रसन्न आहे. कोणी म्हणतो की झोप वाईट लागली, मन भरकटते आहे. तिसरा म्हणतो की मी जड, मूढ झोपलो, अंग भारावले आहे. झोपेत काहीच अनुभव नसता, तर ही तीन वेगवेगळी स्मरणे आली कोठून? अद्वैत परंपरेने याच धाग्यावर 'मी सुखाने झोपलो, मला काहीच कळले नाही' या वाक्यातून सुषुप्तीतही, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेतही, साक्षी (केवळ पाहणारे चैतन्य) जागा असतो, असा निष्कर्ष काढला.

आता प्रयोगशाळेकडे वळते. १९५३ साली शिकागोमध्ये युजीन अ‍ॅसरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारा टप्पा, म्हणजे आरईएम झोप, नोंदवला. १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी माणसांना मुद्दाम वेगवेगळ्या टप्प्यांतून उठवून विचारले, तेव्हा आरईएम झोपेतून उठवलेल्यांनी सुमारे ८० टक्के वेळा स्वप्न सांगितले आणि उरलेल्या झोपेतून उठवल्यावर हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास भरले. आरईएम म्हणजे स्वप्न आणि बाकीची झोप म्हणजे काळोख, हे सुटसुटीत समीकरण तेथून रूढ झाले. ते फार काळ टिकायला नको होते. कारण १९६२ मध्ये डेव्हिड फोक्स यांनी 'स्वप्न पडत होते का?' असे न विचारता 'आत्ता मनात काय चालले होते?' असे विचारले आणि नॉन-आरईएम झोपेतूनही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही सांगितले गेले. कधी एखादा सुटा विचार, कधी एखादे स्थिर चित्र. प्रश्नाचे शब्द बदलताच काळोखाचा मोठा भाग उजळला, हे मला या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

पुढचा टप्पा २०१७ चा. विस्कॉन्सिन विद्यापीठातील फ्रान्चेस्का सिक्लारी, जुलिओ टोनोनी आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणाऱ्या २५६ संवेदकांची जाळी बसवून झोपलेल्यांना रात्रभर पुन्हा पुन्हा उठवले आणि उत्तरांचे दोन नव्हे, तीन गट केले. काहीतरी अनुभवत होतो आणि ते सांगता येते, हा पहिला. काहीतरी अनुभवत होतो हे नक्की, पण काय ते आठवत नाही, हा दुसरा. काहीच नव्हते, हा तिसरा. आपल्या सर्वांच्या ओळखीचा दुसरा गट पूर्वी 'आठवत नाही' या सदरात तिसऱ्यातच मिसळला जात असे. या चमूला असे दिसले की मेंदूच्या मागच्या भागातल्या मंद लाटा ओसरलेल्या असतील तर अनुभव सांगितला जातो आणि त्या जोरात असतील तर 'काहीच नव्हते' हे उत्तर येते. या बाबतीत दुसरा गट पहिल्यासारखा निघाला, तिसऱ्यासारखा नाही.

म्हणून माझा प्रश्न असा आहे, की 'काही आठवत नाही' यावरून 'काही नव्हते' म्हणण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

तर्कटी

विषय उत्तम, मांडणीही नेटकी. पण आपण एकाच बाजूच्या वकिलाला बोलू दिले आहे, म्हणून नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, बाजू मांडतो.

न्यायमतानुसार ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव नसून त्यात प्रसंगाने उत्पन्न होणारा गुण आहे. त्यासाठी मनाचा इंद्रियाशी संयोग लागतो. सुषुप्तीत मन पुरीतत् नावाच्या नाडीत जाते, संयोग तुटतो, म्हणून ज्ञान उत्पन्न होत नाही. यातले शरीरशास्त्र आज कोणी मानणार नाही, पण तर्क मानावाच लागतो. 'मी सुखाने झोपलो' हे नैयायिकांच्या दृष्टीने स्मरण नसून अनुमान आहे. सकाळी अंग हलके आहे, डोळे स्वच्छ आहेत, त्यावरून झोप चांगली झाली असावी, असे मी जागेपणी ठरवतो. 'मला काहीच कळले नाही' हेही अनुमानच आहे. काही कळले असते तर आठवले असते, आठवत नाही, म्हणून कळले नाही. व्यासभाष्यातील तिन्ही वाक्ये पुन्हा वाचा. प्रसन्न मन, भरकटलेले मन, जड अंग ही तिन्ही लक्षणे जागे झाल्यानंतरची आहेत. झोपेतला साक्षीदार त्यासाठी लागतच नाही.

युरोपात हाच वाद वेगळ्या शब्दांत झाला. आत्मा झोपेतही सतत विचार करत असतो आणि ते आपल्याला आठवत नाही इतकेच, या मताची जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस भरपूर चेष्टा केली. ज्याचा मलाच पत्ता नाही त्या विचाराला माझा कसे म्हणायचे, असा त्याचा रोख होता. लायब्निझने त्याला उत्तर म्हणून सूक्ष्म, लक्षात न येणाऱ्या संवेदनांची कल्पना मांडली. ती कल्पना सुंदर आहे, पण 'अनुभव होता, फक्त आठवत नाही' हे विधान खोटे कसे पाडायचे, ते लायब्निझनेही सांगितलेले नाही. ज्याला खोटे पाडण्याची सोयच नाही, ते विधान मी तरी विज्ञानाच्या पंक्तीला बसवणार नाही.

भूलभुलैया

तर्कटीसाहेब, हे विधान तपासण्याची सोय आहे आणि ती आमच्या शस्त्रक्रियागृहात रोज उभी असते. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. झोप आणि भूल एक नव्हेत, हे आधीच स्पष्ट करते. भूल दिलेला रुग्ण हाक मारून उठत नाही, त्याच्या झोपेचे टप्पेही नसतात. तरीही 'जाणीव होती, आठवण नाही' याचा सर्वांत थेट पुरावा आमच्याकडचाच आहे.

मोठ्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारे औषध दिल्यावर रुग्ण जागा असला तरी बोटही हलवू शकत नाही. १९७७ मध्ये टनस्टॉल या भूलतज्ज्ञाने एक साधी युक्ती वापरली. स्नायू सैल करणारे औषध शिरेतून देण्यापूर्वीच एका हाताला रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा पट्टा फुगवून बांधायचा, म्हणजे ते औषध त्या हाताच्या पुढच्या भागात पोहोचत नाही आणि तो हात हलता राहतो. नंतर रुग्णाच्या कानाशी सांगायचे, 'ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.' २०१७ मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांत मिळून झालेल्या अभ्यासात श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर २६० पैकी १२ रुग्णांनी सांगितल्यावर हात दाबला, म्हणजे साधारण ४.६ टक्के. आता याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक प्रश्न विचारून चौकशी केली, तर आपण मध्येच जागे होतो असे हजारात एक-दोन रुग्ण सांगतात. कोणी न विचारता आपणहून तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार, सुमारे १९,००० मध्ये एक इतके खाली येते.

या तिन्ही पाहण्या वेगवेगळ्या पद्धतीच्या आहेत, त्यामुळे आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. पण दिशा स्पष्ट आहे. हात दाबणारे बहुतेक रुग्ण नंतर काहीच आठवत नसल्याचे सांगतात. त्या क्षणी सूचना समजून तिच्याप्रमाणे वागणारा माणूस 'मला काहीच कळले नाही' असे प्रामाणिकपणे म्हणतो. नैयायिकांचे 'कळले असते तर आठवले असते' हे पहिले वाक्यच येथे कोसळते.

झोपेतही आठवणींवर असाच बोळा फिरतो. १९९४ च्या एका प्रयोगात झोपी जाणाऱ्यांना ठरावीक अंतराने शब्द ऐकवत ठेवले. झोप लागल्यावर अर्ध्या मिनिटात उठवलेल्यांना आधीचे शब्द बऱ्यापैकी आठवले, पण दहा मिनिटे झोपू दिलेल्यांना झोप लागण्यापूर्वीच्या काही मिनिटांतलेही शब्द नीट सांगता आले नाहीत, जे त्यांनी पूर्ण जागेपणी ऐकले होते. म्हणजे झोप पुढचे तर पुसतेच, पण थोडे मागचेही पुसते.

साखरझोप

चर्चा तात्त्विक आहे, तरी माझा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. कित्येक वर्षे माझी तक्रार अशी होती की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सौभाग्यवती म्हणत असे की तुम्ही घोरत होता. यावर घरात जे संवाद झाले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. शेवटी पुण्यातल्या एका निद्राचिकित्सा केंद्रात डोक्याला, छातीला, पायांना तारा लावून रात्र काढली. सकाळी विचारले तेव्हा मी तासभरही झोपलो नसल्याचे शपथेवर सांगितले. अहवालात मात्र जवळपास सर्वसामान्य माणसाइतकी झोप नोंदली गेली होती.

डॉक्टरांनी मला खोटे पाडले नाही, हे मी त्यांचे उपकार मानतो. असे अनेकांचे होते, त्याला वेगळे नाव आहे आणि तुम्हाला जागे असल्यासारखे वाटत होते हेही खरेच आहे, असे ते म्हणाले. माझ्यापुरते सांगायचे तर त्या रात्री मी कूस बदलत होतो, उद्याच्या कामांची यादी मनात घोळवत होतो, पंख्याचा आवाज ऐकत होतो. मग मी झोपेत जाणीव राखून होतो, की जागेपणाचे स्वप्न पाहत होतो? तज्ज्ञांनी सांगावे.

शरयूतीर

काका, आपल्या प्रश्नाला जवळ जाणारा एक अभ्यास आहे. सिक्लारी पुढे स्वित्झर्लंडमध्ये लोझानला गेल्या आणि तेथील चमूने २०२१ मध्ये निरोगी, चांगली झोप येणाऱ्यांना आणि आपल्यासारखी तक्रार असणाऱ्यांना रात्रीतून अनेकदा उठवून विचारले, 'आत्ता तुम्ही झोपला होता की जागे होता, आणि झोप किती गाढ वाटत होती?' पाठ्यपुस्तकांनुसार रात्रीच्या पहिल्या दोन तासांतली मंद लाटांची झोप सर्वांत गाढ. पण अनुभव नेमका उलटा निघाला. याच पहिल्या तासांत लोकांना झोप सर्वांत उथळ वाटत होती, कित्येकदा आपण जागेच होतो असे ते म्हणत, आणि सर्वांत गाढ वाटलेली झोप आरईएमची, म्हणजे स्वप्नांनी भरलेली होती. शिवाय हे केवळ निद्रानाशाच्या रुग्णांत नव्हे, तर चांगले झोपणाऱ्यांतही आढळले. विचारासारखे, जागेपणाच्या वळणाचे काही मनात चालू असेल तर झोप उथळ वाटते. आपली कामांची यादी त्याच जातीची असावी.

यातून तर्कटी यांच्या अनुमानालाही धक्का बसतो असे मला वाटते. 'झोप गाढ होती' हे सकाळच्या ताजेपणावरून काढलेले अनुमान असते, तर मध्यरात्री उठवताक्षणी दिलेल्या उत्तरांत असा ठरावीक क्रम दिसायला नको होता.

कोकणकडा

एक बाजू अजून आलेली नाही, ती साधकांची. योगाभ्यासी सांगतात की शरीर झोपलेले असते आणि आत जाग असते. १९७० मध्ये अमेरिकेतील कॅन्ससमधील मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर आणि अ‍ॅलिस ग्रीन यांनी स्वामी राम यांच्यावर निरीक्षणे केली होती. ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखावर, गाढ झोपेच्या मंद डेल्टा लाटा दिसत असताना खोलीत बोलली गेलेली वाक्ये स्वामी रामांनी नंतर बऱ्याच अंशी सांगितली, अशी ग्रीन यांची नोंद आहे. १९९७ मध्ये भावातीत ध्यान करणाऱ्या आणि झोपेत साक्षित्व टिकते असे सांगणाऱ्या साधकांच्या ईईजीत डेल्टा लाटांबरोबरच त्यांहून वेगवान अशा थीटा-अल्फा पट्ट्यातील लाटाही आढळल्या. २०१३ मध्ये विस्कॉन्सिनच्याच चमूला दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांच्या नॉन-आरईएम झोपेत मेंदूच्या मागच्या भागात वेगवान गामा लाटा अधिक दिसल्या आणि ध्यानाचा काळ जितका जास्त तितक्या त्या अधिक होत्या. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि चौथी तुरीय अशी विभागणी उगीच केली नसावी.

तर्कटी

कोकणकडा, यांतले प्रत्येक उदाहरण वेगळ्या कारणाने अपुरे आहे.

स्वामी रामांचे निरीक्षण एका व्यक्तीवरचे आहे. शिवाय कवटीवर डेल्टा लाटा दिसल्या म्हणजे माणूस झोपला, असे सिद्ध होत नाही. अँजेलमन सिंड्रोम या जनुकीय विकाराची मुले पूर्ण जागी असतात, हसतात, खेळतात, आणि तरीही त्यांच्या ईईजीत मोठमोठ्या डेल्टा लाटा चालू असतात. मग ज्याने खोलीतली वाक्ये सांगितली तो झोपला नव्हता, तर डोळे मिटून अतिशय शांत पडला होता, हे अधिक साधे स्पष्टीकरण नाही काय? १९९७ चा अभ्यास महर्षी महेश योगींच्या संस्थेशी निगडित संशोधकांचा आहे. तेवढ्यावरून तो चुकीचा ठरत नाही, पण दुसऱ्यांनी करून पाहिल्याशिवाय त्यावर इमारत उभारू नये. २०१३ च्या अभ्यासात गामा लाटा मोजल्या, पण त्या क्षणी साधकांना काही जाणवत होते का, हे उठवून विचारलेले नाही.

आणि शरयूतीर, आपल्या २०१७ च्या प्रयोगालाही एक उत्तर मिळालेले आहे. २०२० मध्ये वेगळ्या गटाने अशा तऱ्हेच्या नोंदींचे आंधळे विश्लेषण केले, म्हणजे स्वप्न सांगितले गेले होते की नाही हे विश्लेषकांना ठाऊक नव्हते. केवळ ईईजीच्या लाटांवरून त्यांना ते ओळखता आले नाही. मेंदूच्या मागच्या भागात जाणिवेचे ठिकाण सापडले, असे ढोल वाजवण्याची वेळ आलेली नाही.

धुळेकर

एक साधा प्रश्न विचारतो. ढग गडगडले तरी न उठणारी आई बाळ कुरकुरले की लगेच उठते. मग ती झोपेत ऐकत असतेच ना? यालाच जाणीव का म्हणू नये?

भूलभुलैया

धुळेकर, प्रश्न साधा दिसतो, पण येथेच बरेच लोक घसरतात. झोपलेला मेंदू ऐकतो, निवडतो, अगदी अर्थही लावतो, हे निर्विवाद आहे. झोपलेल्या माणसाला त्याचे स्वतःचे नाव ऐकवले तर इतर नावांपेक्षा त्याच्या मेंदूच्या लहरी अधिक उसळतात, हे १९६० मध्येच दिसले होते. २०१४ मध्ये फ्रान्समधील सिद कुइदेर यांच्या गटाने आणखी पुढचे काम केले. शब्द ऐकून तो प्राण्याचा की वस्तूचा हे ठरवायचे आणि त्याप्रमाणे डावे किंवा उजवे बटण दाबायचे, हा सराव करत करत लोक झोपी गेले. झोपेत बटण दाबले जात नव्हते, पण नवे शब्द ऐकल्यावर योग्य त्या हाताची तयारी मेंदूत दिसत राहिली. उठल्यावर त्यांना ते शब्द ऐकल्याचे आठवत नव्हते. माहितीवर प्रक्रिया होणे आणि ती कोणाला जाणवणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, तर हा प्रयोग पहिलीचा पुरावा आहे, दुसरीचा नव्हे. आईच्या बाबतीतही ऐकणे आधी घडते आणि जाणीव बहुधा जाग येताना मागून येते.

तर्कटींच्या शंकेबद्दलही लिहिते. नुसत्या लाटा पाहून फसगत होते हे मान्य, म्हणून दुसरी पद्धत निघाली. मेंदूला कवटीबाहेरून चुंबकीय ठोका द्यायचा आणि त्याचा प्रतिसाद किती दूर, किती गुंतागुंतीने पसरतो ते पाहायचे. मार्सेलो मासिमिनी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की जागेपणी हा प्रतिसाद एका भागातून दुसऱ्या भागात जात राहतो, तर रात्रीच्या सुरुवातीच्या गाढ झोपेत तो जेथे उठला तेथेच विझतो. भुलीत याची चांगली परीक्षा झाली. प्रोपोफॉल, झेनॉन आणि केटामिन या भुलीच्या तिन्ही द्रव्यांनी बाहेरून माणूस सारखाच निपचित दिसतो. पण पहिल्या दोहोंत प्रतिसाद साधा, आखूड होता आणि नंतर कोणी काही अनुभव सांगितला नाही. केटामिनमध्ये प्रतिसाद जागेपणीसारखा गुंतागुंतीचा होता आणि शुद्धीवर आल्यावर त्या लोकांनी लांबलचक, रंगीत स्वप्ने सांगितली. बाह्य निपचितपणा आणि आतली जाणीव यांची फारकत यापेक्षा स्पष्ट मला माहीत नाही.

कोकणकडा

डॉक्टर, पण मग ज्या झोपेत ठोका जागच्या जागी विझतो, त्या झोपेत साक्षी नाही असेच आपण म्हणता ना? साक्षी मेंदूच्या गुंतागुंतीवर अवलंबून आहे, हे अद्वैत मान्य करणार नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की द्रष्ट्याच्या दृष्टीचा लोप होतच नाही. झोपेत तो पाहत नाही असे वाटते, ते पाहण्याजोगे दुसरे काही नसल्यामुळे.

भूलभुलैया

मी फक्त इतकेच म्हणते की त्या झोपेतून उठवलेले लोक बहुतेक वेळा 'काही नव्हते' म्हणतात, आणि मेंदूची अवस्थाही त्याला साजेशी आहे. याज्ञवल्क्यांचे विधान ठोक्याने तपासता येण्यासारखे नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मी काहीच बोलू शकत नाही.

शरयूतीर

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा एकत्र वाचले. मला वाटते, या वादातल्या दोन्ही जुन्या पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे, ती म्हणजे सुषुप्ती ही एकच एक अवस्था आहे. एकदा ती एक मानली की तिच्यात जाणीव आहे किंवा नाही, एवढेच दोन पर्याय उरतात आणि मग भांडण कधीच मिटत नाही. प्रयोगशाळेने, तिच्या सर्व उणिवांसह, ही गृहीत धरलेली एकताच मोडून काढली आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या नॉन-आरईएम झोपेतून एकाच माणसाला एकाच रात्रीत चार वेळा उठवले तर एकदा तो पूर्ण गोष्ट सांगतो, एकदा नुसता विचार, एकदा 'काहीतरी होते खरे, पण निसटले' म्हणतो आणि एकदा 'काहीच नाही'. मेंदूही एकसंध झोपत नाही. २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसले की बराच वेळ जागे ठेवलेल्या उंदराच्या मेंदूतील काही पेशीसमूह, उंदीर जागा असतानाच, क्षणभर झोपेतल्यासारखे बंद पडतात. झोपेत चालणाऱ्या माणसांच्या बाबतीत हालचालींशी निगडित भाग जागेपणाच्या लयीत आणि इतर भाग झोपेच्या लयीत, अशा नोंदी मिळाल्या आहेत.

म्हणून साखरझोप काका आणि त्यांच्या सौभाग्यवती दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. घोरणे हे घशातल्या सैल झालेल्या स्नायूंचे काम आहे आणि कामांची यादी घोळवणे हे मेंदूच्या एखाद्या न झोपलेल्या कोपऱ्याचे. व्यासभाष्यातली तीन वाक्येही मला आता साक्षीच्या पुराव्यापेक्षा एका चाणाक्ष निरीक्षणासारखी वाटतात. झोप तीन प्रकारची सांगितली जाते, हे त्या भाष्यकाराने टिपून ठेवले आहे. पुढच्या परंपरेने त्या प्रकारभेदाकडे दुर्लक्ष करून तिन्हींमध्ये समान काय, याचाच शोध घेतला, ही मला दवडलेली संधी वाटते.

तर्कटींची २०२० च्या आंधळ्या विश्लेषणाची हरकत मला मान्य आहे. जागा नेमकी कोणती, हे ठरलेले नाही. पण तीन गट वेगळे आहेत, ही गोष्ट त्या विश्लेषणाने खोडली जात नाही.

साखरझोप

शरयूताई, आपला प्रतिसाद घरी वाचून दाखवला. घोरण्याचा भाग तेवढा लगेच मान्य झाला.

तर्कटी

अवस्था एक नाही, हे मी स्वीकारतो आणि भूलभुलैया यांच्या हात दाबण्याच्या पुराव्यापुढे 'कळले असते तर आठवले असते' हे वाक्यही मागे घेतो. तरी एक अडचण शिल्लक राहते आणि ती केवळ शब्दांची नाही.

स्वप्नातल्या जाणिवेचा प्रश्न सुटला तो खुणांमुळे. स्वप्नात आपण स्वप्नात आहोत हे कळणाऱ्या व्यक्तीने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून झोपेतूनच खूण करायची, हे १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी आणि नंतर स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी दाखवले. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधील चार गटांनी स्वप्न पाहणाऱ्यांना सोपी गणिते घातली आणि काहींनी डोळ्यांनी किंवा चेहऱ्याच्या स्नायूंनी बरोबर उत्तरे दिली. २०२३ मध्ये पॅरिसच्या गटाने झोपलेल्यांना शब्द ऐकवून हसण्याच्या किंवा कपाळाला आठ्या घालण्याच्या खुणा मिळवल्या, त्याही झोपेच्या बहुतेक टप्प्यांत. पण जी जाणीव कशाचीही नाही, असे अद्वैती आणि साधक म्हणतात, तिच्याकडून खूण कशी मागायची? सूचना ऐकली की विषय आला, खूण करायचे ठरवले की कर्ता आला, आणि जी अवस्था तपासायची होती ती त्याच क्षणी संपली. हात दाबण्याच्या पुराव्याचीही येथे हीच मर्यादा आहे. तो विषय असलेल्या जाणिवेबद्दल बोलतो, निर्विषय जाणिवेबद्दल नाही.

शरयूतीर

खूण मधोमध न मागता दोन्ही टोकांना मागता येईल. ज्यांना झोपेत साक्षित्व टिकते असे वाटते, अशा साधकांनी त्या अवस्थेत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा डोळ्यांची खूण करायची. मधला काळ त्यांना कोणी छेडायचे नाही. उठल्यावर त्यांना फक्त एवढेच विचारायचे की मध्ये किती वेळ गेला. सामान्य झोपलेल्यांपेक्षा त्यांचा अंदाज सातत्याने बरोबर येत असेल, तर मधल्या काळात काहीतरी टिकून होते असे म्हणायला जागा मिळेल.

तर्कटी

कल्पना चांगली आहे, पण नैयायिक लगेच म्हणेल की वेळेचा अंदाज तहान, मूत्राशय, अंगाची अवघड झालेली बाजू यांवरूनही बांधता येतो, म्हणजे पुन्हा अनुमानच. म्हणून मधला काळ थोड्या मिनिटांचा ठेवावा लागेल आणि तो प्रत्येक वेळी वेगळा असावा लागेल. तुलनेसाठी घ्यायची माणसे साधकांच्याच वयाची आणि त्यांच्याइतकीच झोपणारी हवीत, आणि नोंदी तपासणाऱ्याला कोण साधक आणि कोण सामान्य, हे ठाऊक असता कामा नये.

भूलभुलैया

आणि खोलीत प्रकाश व तापमान बदलू देऊ नका. रुग्णालयातल्या रात्रपाळीत किती वाजले ते वातानुकूलन यंत्राच्या आवाजावरून ओळखणारे लोक मी पाहिले आहेत.